झुलती कडी

"हळू घ्या हो. मागं घरं हायेत लोकायची."

गिरिजाबाईंचा हा आवाज सर्जेरावांच्या कानी आला तेव्हा ते राजूरच्या रस्त्याला, धर्मराजच्या गॅरेजसमोर, मातीत गुडघा टेकून स्वतःच्याच पिकअपच्या मागच्या चाकाकडे बघत होते. त्यांच्या बायकोला, गिरिजाबाईंना, जाऊन दुसरं वर्ष चाललं होतं. तरी गाडी हलायची वेळ झाली की त्या बोलायच्याच. हयात असतानाही त्यांचं तेवढंच म्हणणं असे. मधमाश्यांच्या पेट्या ट्रॉलीवर चढल्या, दोर आवळून झाला, की शेवटच्या पेटीवर तळहात ठेवायचा आणि अगदी हलक्या आवाजात हे सांगायचं. लोक म्हणजे माश्या. घरं म्हणजे पेट्या.

आज ट्रॉलीत पेट्या नव्हत्या, विटा होत्या. स्टिअरिंगवर सून बसली होती, संध्या.

"वहिनी, सोडा क्लच!" धर्मराज ओरडला.

संध्यानं क्लच सोडला आणि सर्जेरावांनी इतक्या वर्षांत न बघितलेली गोष्ट पहिल्यांदा बघितली. गाडी पुढं सरकायच्या आधी मागचं चाक जागच्या जागी उड्या मारायला लागलं. हट्टाला पेटलेलं पोर पाय आपटतं तसं. वरचे स्प्रिंगचे पाटे पिळवटले, सुटले, पुन्हा पिळवटले. तो हिसका ट्रॉलीच्या दांड्यातून मागं गेला आणि विटा खडखडल्या.

"आतापर्यंत मी आत बसून राह्यलो," सर्जेराव उठत म्हणाले. "आतून नुस्तं धडधड ऐकू येतं. बाहेरून पाह्यलं तवा कळलं."

परवाची गोष्ट. रखमाजीच्या माळावर कांदा फुलला होता. बियाण्याचा कांदा, पांढऱ्या गोंड्यांनी सगळा माळ भरलेला. माश्या फिरल्या नाहीत तर गोंडे पोचट राहतात, म्हणून सर्जेराव दरवर्षी पेट्या घेऊन जात. परवा ऐन चढावर मेंढरं आडवी आली, गाडी थांबवावी लागली. पुन्हा उचलताना मागून असा हिसका बसला की दोन पेट्यांमधली पोळी तुटून पडली. सर्जेरावांनी झाकण काढलं तेव्हा माश्या स्वतःच्याच मधात बुडून मेल्या होत्या. त्यांनी गाडी तिथूनच माघारी वळवली. मेलेल्या माश्या रुमालात गोळा केल्या आणि घरामागच्या लिंबाखाली पुरल्या. संध्या दारातून बघत होती.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावून सर्जेराव पंचशील म्हणायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. जिवाची हिंसा करणार नाही, हे पहिलं शील. लहानपणापासून तोंडात बसलेले शब्द, पण ओठ हलेनात. उरलेली चार शीलं म्हणून त्यांनी हात जोडले. संध्याकाळी तीर्थपुरीच्या नागसेनला फोन लावला. तोही पेट्या ठेवायचा.

"नागसेन, माह्या सगळ्या पेट्या घेऊन जा. तुह्याकडं बराबर राहतील."

"काका, तबियत तर ठीक हाये न्हं?"

"तबियतीला काय झालं? उद्या संध्याकाळी ये."

तो उद्या म्हणजे आज. संध्यानंच सकाळी हट्ट केला होता. "मामा, एकदा धर्मराजभाऊला दाखवू. मंग काय द्यायचं ते द्या."

धर्मराज गाडीखाली शिरला आणि एकेक नट चाचपू लागला. मग आतूनच हसला.

"काका, म्या लावलेला गुटकाच नडून राह्यला."

मागच्या वर्षी ट्रॉलीच्या वजनानं पिकअपची शेपटी खाली बसायची, म्हणून त्यानं मागच्या चाकांचा अ‍ॅक्सल आणि पाट्यांच्या मधे लोखंडी गुटका घालून मागची बाजू उचलून दिली होती. इकडं सगळेच तसं करतात. त्यानं गाडी उंच दिसते, पण ओझं ओढताना अ‍ॅक्सलला पाटे पिळायला जास्त ताकद मिळते.

"मग काढून टाका," संध्या म्हणाली.

"काढला तर शेपटी बसन, वहिनी. ट्रॉलीचा दांडा जमिनीवर घासत जाईन. त्याच्यापरीस अजून एक पाटा टाकू. सारा जिल्हा पाटाच टाकतो."

"साऱ्या जिल्ह्याच्या गाडीत सिमेंट असतं, धर्मराज," सर्जेराव म्हणाले. "जास्तीच्या पाट्यानं गाडी कडक होईन. हरेक खड्डा पेटीला लागन. माह्या मागं जीव हाये."

धर्मराजनं हात पुसले. "मंग दांडी लावा लागन. अ‍ॅक्सलपासून पुढं चासीपर्यंत, म्हंजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत. अ‍ॅक्सल पिळायला गेला की दांडी त्याला धरून ठेवते. ट्रॅक्शन बार म्हणतात तिला." तो आत गेला आणि तीन प्रकार घेऊन आला. मातीत शेजारी शेजारी ठेवले. "पसंत करा. मुलगी पाहायला आल्यावानी पाहू नका फकस्त, जल्दी सांगा."

पहिली दांडी त्यानं स्वतः जुन्या अँगलची बनवलेली. जाड, ओबडधोबड. दोन्ही टोकं वेल्डिंगनं पक्की करायची. "जन्मभर हलणार न्हाई," तो म्हणाला. दुसरी आखूड, रंगवलेली, पुढच्या टोकाला रबराचा गोळा. अ‍ॅक्सल पिळला की तो गोळा पाट्याला टेकून त्याला अडवणार. तिसरी जालन्याच्या दुकानातून आणलेली, लांब. तिचं मागचं टोक अ‍ॅक्सलला घट्ट बसायचं, आणि पुढचं टोक चासीला एका कडीतून अडकवायचं. कडी मागंपुढं झुलत होती.

सर्जेरावांनी रबराचा गोळा अंगठ्यानं दाबला. "हिसका घालवायला हा धक्काच मारणार न्हं? मग त्यात काय कमावलं?" ती दांडी त्यांनी बाजूला सारली. पहिलीकडं मात्र ते बघत राहिले. मजबूत दिसत होती. परवाच्या त्या रुमालानंतर त्यांना मजबूत काहीतरी हवं होतं.

"ही बोल्टवर बसवून दाखव," ते म्हणाले. "वेल्डिंग मागून."

धर्मराजनं दांडी दोन्ही टोकांना कसून आवळली. सर्जेराव पिकअपच्या मागच्या बंपरवर चढले, धर्मराजलाही चढवलं. दोघांच्या वजनानं शेपटी जराशी तरी दबायला हवी होती, पण ती ढिम्म राहिली.

"दगडावर उभं राह्यल्यावानी झालं की," संध्या हसून म्हणाली. "भाऊ, तुमचं वजन कमी झालं का?"

"घरी विचारा, वहिनी. रोज ऐकून राह्यलो मी."

सर्जेराव खाली उतरले. वाकून ते पाट्यांकडं बघत राहिले. दोन्ही टोकं जखडली की अ‍ॅक्सल पिळत नाही हे खरं. पण त्याला वरखालीही होता येत नाही. मग खड्ड्याचा सारा मार सरळ वर जाणार. "काढ ही. कडीवाली लाव."

ती दोन्ही बाजूंना बसवायला दुपार कलली. सर्जेराव तोवर तिथंच बाकड्यावर बसून होते. संध्यानं आणलेली भाकरी त्यांनी तशीच बांधून ठेवली. पुन्हा दोघं बंपरवर चढले. आता शेपटी मऊपणानं खाली गेली, कडी थोडी झुलली आणि शेपटी वर आली.

"पाळण्याच्या कडीसारखी," संध्या म्हणाली.

सर्जेरावांनी गॅरेजमधून परात मागून घेतली, काठापासून बोटभर खालपर्यंत पाण्यानं भरली आणि ट्रॉलीतल्या विटांवर ठेवली. जवळच एका शेतात जायचा चढ होता. संध्यानं गाडी तिथं नेऊन मुद्दाम मधेच थांबवली. सर्जेराव चालत मागं गेले. वाटेत सांडलं तेवढं पाणी त्यांनी पुन्हा भरलं आणि हात वर केला. धर्मराजही पान्हा हातात घेऊन उभा राहिला.

संध्यानं क्लच सोडला. इंजिन घुमलं. दांडी ताणली गेली, चाकानं माती धरली आणि गाडी पुढं निघाली. उडी नाही, आपट नाही. परातीतलं पाणी काठाला लागलं, मागं आलं आणि पुन्हा काठाला लागलं. पण सांडलं नाही.

"बस्स!" धर्मराजनं पान्हा हवेत फिरवला. "काका, पाह्यलं का?"

सर्जेरावांनी पाहिलं होतं. ते मटकन बांधावर बसले. संध्या गाडी थांबवून धावत आली. "मामा, काय झालं?"

"काही न्हाई गं. भूक लागली. ती भाकर कुठंय?"

भाकरी खाता खाताच त्यांनी फोन लावला. "नागसेन, निघाला का?"

"निघूनच राह्यलो, काका."

"मंग ये, पण पेट्या न्यायला न्हाई. रिकामी गाडी आणू नको. तुह्याकडची दोन चांगली पोळी घेऊन ये. माह्या दोन पेट्या सुन्या पडल्या. आन् मुक्कामाला ये, जेवायलाच."

पलीकडून नागसेन मोठ्यांदा हसला. ते हसू संध्यालाही ऐकू आलं.

त्या संध्याकाळी माश्या घरी परतल्यावर सर्जेरावांनी पेट्यांची दारं जाळीनं बंद केली. पहाटे उठून अंघोळ केली, मेणबत्ती लावली. संध्या स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होती. तिनं गॅस बारीक केला. पहिलं शील आलं. सर्जेराव क्षणभर थांबले, आणि मग स्पष्ट, सावकाश म्हणाले. पुढची चारही म्हणाले. संध्यानं गॅस मोठा केला.

उजाडायच्या आधी ट्रॉली भरली. फार वर्षांपूर्वी, गावात कुणी बांधावर पेटी ठेवू देत नव्हतं, माश्या डसतील म्हणून लोक गिरिजाबाईंना हाकलत होते, तेव्हा रखमाजीनं आपल्या माळावर त्यांच्या पहिल्या दोन पेट्यांना जागा दिली होती. मरताना गिरिजाबाईंनी नवऱ्याकडून एकच शब्द घेतला होता. मी असो नसो, रखमाजीभाऊच्या कांद्याला माश्या चुकवू नका.

संध्या स्टिअरिंगवर बसली. सर्जेराव एकेका पेटीपाशी गेले आणि बोटानं टिचकी मारली. प्रत्येक पेटीतून एकदाच बारीक हुंकार आला आणि थांबला. राणी जागेवर असली की माश्या अशाच, थोडक्यात बोलून गप्प होतात.

चढ सुरू झाला तिथं त्यांनी गाडी थांबवायला सांगितली आणि खाली उतरले.

"मामा, बसा की. आता काही होत न्हाई."

"ठाऊक हाये मला. तू चाल. हळू घे."

गाडी निघाली. वर माळावर कांद्याचे गोंडे अंधारातही पांढरे दिसत होते. सर्जेराव शेवटच्या पेटीवर तळहात ठेवून ट्रॉलीच्या कडेनं चढ चढू लागले.