फ्रिजवाल्याचे कान

आमचे हे फ्रिज दुरुस्त करतात आणि त्यांना स्वतःच्या कानांचा भारी गर्व. लोक बिघडलेल्या मशीनचा आवाज फोनवर पाठवतात; हे डोळे मिटून ऐकतात आणि बसल्या जागी रोग सांगतात. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "एकसारखं घरघरणाऱ्याला घाबरू नका. मध्येच गप्प होऊन गचका देणाऱ्याला घाबरा."

एवढा शहाणा माणूस, पण लेकीच्या बाबतीत कानात बोळे.

लेक सात वर्षांची. पायाला भिंगरी म्हणून आम्ही तिला ठिणगी म्हणतो. पण गेले काही महिने ती वर्गात पेंगायची, उठसूट रडायची, आणि तोंड उघडं टाकून घोरायची. सर्दी नसतानाही, रोज. मध्येच घोरणं एकदम थांबायचं. मी मोजायला लागायची. दहाच्या पुढे गेल्यावर ती धडपडून श्वास ओढायची, तोवर माझा जीव अर्धा व्हायचा.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "आमच्या घराण्यात सगळेच घोरतात. आमचे बाबा घोरायला लागले की शेजारी उठून बसायचे. पोरगी आमच्यावर गेलीय."

"मग काय, आरती ओवाळू?"

"तू उगाच राईचा पर्वत करतेस."

मी एकटीनेही डॉक्टरकडे नेलं असतं. पण उद्या ऑपरेशन म्हणाले तर हे मागे सरले असते, आणि मला ते मनापासून सोबत हवे होते.

सुट्टीच्या दुपारी जेवून ठिणगी झोपली. माझं कपडे शिवायचं दुकान आहे. तिथला नवा फोन मी घरी आणला, त्याचा नंबर ह्यांना ठाऊक नव्हता. आवाज मशीनसारखा यावा म्हणून तो रिकाम्या डब्यात घालून तिच्या उशाशी ठेवला आणि पंखा सुरू केला. दोन मिनिटं आवाज भरला. बाहेर ओट्यावर हे एक फ्रिज उघडून बसले होते. त्यांना पाठवला, खाली लिहिलं, "मशीन सात वर्षं जुनं. काय झालंय?" आणि दारामागे उभी राहिले.

ह्यांनी डोळे मिटले. पुन्हा लावून ऐकलं. मग उलट आवाज भरून पाठवला, "हवा अडतेय. वाट कुठेतरी बुजलीय, मोटर नाहक दमतेय. आजच आणा, उद्यावर टाकू नका."

मी त्यांना हाताला धरून आत नेलं. ठिणगी घोरत होती. घोरणं थांबलं. मग गचका.

ह्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "मी गाढव आहे," म्हणाले.

"ते सावकाश ठरवू. आधी चप्पल घाला."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. नाकामागच्या गाठी वाढून श्वासाची वाट अडली होती. "सर्दीत चार दिवस घोरली असती तर मीच म्हटलं असतं, घोरू द्या," त्या म्हणाल्या. "पण रोजचं घोरणं, मध्ये श्वास थांबणं आणि दिवसा पेंगणं, हे दाखवायलाच हवं. बरं केलंत."

छोटंसं ऑपरेशन झालं. ठिणगी आत जाताना ह्यांना म्हणाली, "बाबा, रडू नका हं."

महिन्याभरात घरात पुन्हा धुडगूस सुरू झाला. दोन कप फुटले. मी ओरडले, पण पोटातून हसू फुटत होतं.

परवा दुपारी मी दुकानात एका बाईंच्या झग्याची बाही शिवत होते. ह्यांनी फोनवर आवाज पाठवला. खाली लिहिलं होतं, "सांग, काय झालंय?"

फोन कानाला लावला. काहीच ऐकू येईना. आवाज वाढवला, शिलाई मशीनवरून पाय काढला. मग आला, अगदी बारीक, शांत श्वास. जात होता, येत होता. दोन मिनिटांत एकदाही थांबला नाही. मला इतका आनंद झाला की डोळेच भरून आले.

"कोण बोलतंय हो?" बाईंनी विचारलं.

"कुणीच नाही," मी म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.