वरवंट्याचं बारसं

रुख्मिणीचं पोट पिकत नव्हतं, आणि अशा बाईविषयी बोलायला किन्हीराजात कुणाला सवड काढावी लागत नसे. घराच्या भिंतीवर सरकारनं लाल त्रिकोण रंगवून 'दोन किंवा तीन पुरे' लिहून ठेवलं होतं. घरात सासू कस्तुराबाई एकासाठी तिचा जीव खात होती.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाईनं रुख्मिणीची पिशवी तीनदा धुतली, नळ्यांत हवा सोडून पाहिली आणि शेवटी सांगितलं, "तुझ्यात काही खोट नाही. आता नवऱ्याला तपासायला आण." हे ऐकून शालिग्राम उखडला. "मी काय बाई हाय?" म्हणाला आणि थेट एसटी स्टँडकडे चालू लागला. कस्तुराबाईनं तर डॉक्टरणीलाच वेड्यात काढलं. थोरल्याला दोन पोरं झाली होती, मग त्याच कुशीतल्या धाकट्यात खोट कशी निघेल? बुढीनं धनजच्या पुंजाजीची मुलगी हेरून ठेवली. कायदा नको म्हणतो, तर म्हणो. कायदा काही किन्हीराजात जेवायला येत नव्हता. सवत आली की रुख्मिणीनं गोठ्याशेजारच्या खोलीत राहावं आणि वावरात राबावं, एवढं ठरूनही गेलं. तिला कुणी विचारलं नाही.

तेवढ्यात थोरल्या जावेला, भागिरथाला, तिसरा मुलगा झाला. बारशाला पुंजाजीला मुद्दाम बोलावणं धाडलं. घर बघा, मग सुपारी फोडू. पुरुष ओसरीवर बसले, बायका आत.

बाळाला पाळण्यात घालण्याआधी वरवंट्याला कुंची घालून त्याला पाळण्याखालून-वरून फिरवायची रीत. लेकरानं दगडासारखं टणक व्हावं म्हणून. या हातातून त्या हातात जात वरवंटा रुख्मिणीकडे आला. ती तो पुढं देणार, तोच कस्तुराबाई म्हणाली, "राहू दे तुह्यापाशीच. तुले याच्याबिगर काय भेटन? पाज त्याले."

बायका हसल्या. भागिरथाही हसली, ओल्या बाळंतिणीला शोभत नव्हतं तरी हसली. रुख्मिणी उठली, उंबरा ओलांडून ओसरीवर गेली आणि सगळ्या पुरुषांदेखत तो वरवंटा तिनं शालिग्रामच्या मांडीवर ठेवला.

"घ्या. तुमच्या मायनं मले पाजाले सांगतलं. बाप तं तुमीच आहा." मग पदर सावरून ती पुंजाजीकडे वळली. "मामा, डाक्टरणीनं मले चांगली म्हणून सांगतलं. यायले बोलावलं, तं हे जाऊनच नाई राह्यले. पोरगी द्याची तं द्या. पन पयले यायले तपासून घ्या."

बैल घ्यायचा तरी माणूस त्याचे दात बघतो, आणि पुंजाजी मुलीचा बाप होता. त्यानं बशी खाली ठेवली. "खरं हाय का, शालिग्रामराव?"

शालिग्राम मांडीवरच्या वरवंट्याची कुंची सारखी करू लागला. पुंजाजीनं टोपी झटकून डोक्यावर ठेवली. "तपासून या. मंग बोलू," म्हणाला आणि न जेवताच निघाला.

कस्तुराबाईनं आतून शिव्यांची लाखोली सुरू केली. शालिग्रामनं रुख्मिणीचा दंड आवळून तिला परसात ओढत नेलं.

"चारचौघांत मले नागडं केलं तू."

"मले तीन खेपा केलं टेबलावर," रुख्मिणी म्हणाली. "तवा तुमी भायेर पान खाऊन राह्यले होते."