मोहाच्या दिवसांत पचमढी

होल्डॉलचा पट्टा बकलापर्यंत पोहोचेना, तेव्हा घनश्याम गुरुजींनी त्यावर गुडघा रोवला आणि दात-ओठ खाऊन पट्टा ओढला. आत दोघांचे स्वेटर होते. चैत्रातल्या आंबागडात स्वेटर बघूनच घाम फुटायचा. पण पचमढीला रात्री थंडी पडते, असं शाळेतली मंडळी सांगत. दर सुट्टीनंतर त्यांच्या पहाडाच्या गोष्टी चालत आणि गुरुजी नुसती मान डोलवत. यंदा रामनवमीला जोडून त्यांची रजा मंजूर झाली आणि तेव्हापासून स्वारीचे पाय जमिनीवर नव्हते.

अंगणात कुंताबाई टोपली घेऊन उभी होती.

"यष्टीले टाईम हाय ना अजून?"

"हाय. काहून?"

"एक टोपली मोह वेचून येतो. आज लय पडला असन."

गुरुजींचा चेहरा उतरला. बायको वर्षभर काही ना काही निमित्त काढून गडाचा डोंगर चढायची. मास्तराची बायको टोपली घेऊन जंगलात, हे त्यांना जरा खटकायचंच. तिला एकटीला सोडलं तर ती वेळेवर काही परतायची नाही.

"चाल, मीबी येतो," ते म्हणाले.

डोंगरावरचं कुंताचं मोहाचं झाड तिला तिच्या आईने, देवकाबाईने, लग्नात दिलेलं; तिचं माहेर याच गावचं. या गावात मोहाची झाडं घराघरांत वाटलेली असतात. झाडाखालचा पालापाचोळा झाडून जो जागा राखील, त्याची फुलं. ऐन बहरात जागा सुनी पडली, की दुसरं कोणीही झाडू मारायला मोकळं. मोहाडीकडच्या सपाट धानाच्या बांध्यांत वाढलेल्या गुरुजींना यातलं काही ठाऊक नव्हतं.

दोघं झाडाखाली पोहोचली, तेव्हा शेजारच्या झाडाखाली फुलं वेचणाऱ्या शकुनबाईने त्यांना पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"अवो बाई, जवाई आले! पचमढी इकडंच आली का वो?"

गुरुजी ओशाळून एका दगडावर जाऊन बसले. कुंता उकिडवी बसून दोन्ही हातांनी फुलं वेचत होती आणि गुणगुणत होती. घरात ती कधी गात नसे. गुरुजींनी एक फूल तोंडात टाकलं. गोड लागलं. मग दुसरं टाकलं. मग उगाच बसून काय करायचं म्हणून तेही वेचायला लागले.

"तसं मुठीत नोका दाबू. चिपकते मंग," कुंता हसत म्हणाली.

थोड्या वेळाने पाठ भरून आली, तरी गुरुजींना उठावंसं वाटेना. शकुनबाईने भाकरीचा तुकडा आणि मिरचीची चटणी आणून दिली, आणि हळूच म्हणाली,

"सांभाळून ऱ्हा पचमढीले. इथली फिकर नोका करू. मी झाडून घेईन हे झाड. कुंताच म्हणे, घे बाई, यंदापासून तूच घे."

"यंदापासून?"

"सुनी जागा कोण ठेवते, गुरुजी? बहरात जो झाडते, झाड त्याचं."

भाकरी गुरुजींच्या हातातच राहिली. होल्डॉल आणल्यापासून ते रोज पचमढीचं पुराण लावत होते आणि कुंता झाड सोडून द्यायचं मनाशी ठरवून रोज हसून ऐकत होती. त्यांना फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त तिच्याबद्दल माया दाटून आली.

कुंता उठली. लुगड्याला हात पुसून तिने बुंध्यावर एकदा तळवा टेकवला.

"चाला. यष्टी चुकन."

गुरुजी परत दगडावर जाऊन बसले होते. तिथून खाली तुमसरचा रस्ता स्वच्छ दिसत होता. त्या रस्त्याने धुरळा उडवत त्यांचीच लाल एसटी गावाबाहेर पडली होती आणि वळणाकडे निघाली होती. कुंताची तिकडे पाठ होती.

"बस गं," ते म्हणाले. "लय टाईम हाय."

"खरंच?"

"मी पाहून राहिलो ना इथून."

तिला तेवढंच हवं होतं. टोपली ओढून ती पुन्हा बसली आणि गाणं मघाच्याच ओळीवरून पुढे सुरू झालं. गुरुजी तिच्या बाजूला येऊन फुलं वेचू लागले.

"पावसात काय भेटते गं इथं?"

"वास्ते. बांबूचे कोवळे कोंब."

"अन् उन्हाळ्याच्या सुट्टीत?"

"चारोळीची चारं, तेंदूची टेंभरं." तिचे हात सुरूच होते.

"दिवाळीच्या सुट्टीत?"

"आवळे धरते तवा. पिकाले उशीर असते, पण झाडं पाहाले मजा येते. तुमी कायले पुसून राहिले?"

"सुट्ट्या मले बी असतेत," गुरुजी म्हणाले. "म्हटलं, पहाडावर जावं."

कुंताचे हात थांबले. तिने नवऱ्याकडे पाहिलं. मग वळून खाली पाहिलं. रस्ता मोकळा होता, वळणावरचा धुरळाही खाली बसत आला होता. ती उठली आणि पलीकडच्या झाडाकडे तोंड करून सगळ्या डोंगराला ऐकू जाईल अशी ओरडली,

"शकुने! झाडू घरीच राहू दे वो! आमी कोठं नाई जाऊन राहिलो!"