जसंच्या तसं

फ्रीडेरिकेने धाकट्या भावाचा बांधलेला हात टेबलावरून हळूच उचलला आणि त्याची खुर्ची आपल्याकडे ओढली.

"ऊठ, एबरहार्ट. मी उतरवते."

मंगळवारी जर्मनीतल्या ग्यॉटिंगेनच्या बर्फाळ फरसबंदीवर घसरून त्याचं, म्हणजे प्रोफेसरसाहेबांचं, उजवं मनगट मोडलं होतं. समोरची अरबी पोथी शनिवारच्या टपालगाडीने ग्रंथालयाकडे परत जायची होती. पुढे तिच्यावर दुसऱ्या गावचा विद्वान टपून बसलेला. अख्ख्या युरोपात ही एवढीच प्रत. शेवटची चौदा पानं उतरवायची राहिली, तर वीस वर्षं चाललेला शब्दकोश तिथेच अडणार होता.

"तुला त्यातलं ओ की ठो कळत नाही, रीके."

"चर्चच्या वस्त्रावर द्राक्षवेल भरते, तेव्हा वेलीला अर्थ विचारत बसते का मी? उजवीकडून सुरू करायचं ना? झालं तर मग."

प्रोफेसर हसले नाहीत, पण उठले.

तीन दिवस ती खिडकीशी बसून होती. आधी ती अक्षरं तिला नुसती नक्षी वाटली. मग त्यामागचा माणूस दिसू लागला. सहाशे वर्षांपूर्वीचा कुणी लेखनिक. सकाळी ताठ लिहिणारा, दुपारी कंटाळणारा, बोरू तासला की पुन्हा हुरूप येणारा. इतक्या जवळून तिने सख्ख्या भावालाही कधी पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी प्रोफेसर तिची पानं मूळ पोथीशी ताडून पाहू लागले. मध्येच थांबले, चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"चुकलं ना?"

"या पानावर पाच चुका आहेत. पाचही त्या जुन्या लेखनिकाच्या." त्यांनी एकेका चुकीवर बोट ठेवलं. "माझ्या हाताने त्या आपोआप सुधारल्या असत्या. मागच्या दोनशे पानांत किती सुधारल्यात, देव जाणे. तू एकीलाही हात लावला नाहीस."

"मला कुठे कळतंय चूक काय नि बरोबर काय!"

त्यांनी डाव्या हाताने एका चिठोऱ्यावर वेडीवाकडी अरबी अक्षरं काढली.

"शेवटी उतरवणाऱ्याचं नाव घालायची अरबी लेखनिकांची रीत आहे. हे तुझं. घाल."

"माझं? कोश तर तुझा."

"कोश माझा. ही पानं तुझी."

तिने उजवीकडून एकेक अक्षर काढलं. मग खाली बोट धरून, लहान मूल वाचतं तसं वाचलं, "फ्री-डे-रि-के." तिचे डोळे भरून आले.

मग तिने बोट वरच्या, जुन्या लेखनिकाच्या ओळीवर नेलं.

"आणि याचं नाव काय होतं रे?"