नऊचे तीन वाजवणारं घड्याळ

मित्रांनो, मी एक ओशाळलेलं जुनं घड्याळ आहे. भिंतीवरचं नव्हे, मोबाईलच्या पडद्यावरचं: एक वर्तुळ, दोन काटे, आकडे नाहीत. गाबेस शहरातल्या दवाखान्याच्या ॲपसाठी, ते ॲप बनवणाऱ्या इब्तिहेलने मला घडवलं. एका फाइलीत माझा आकार एकदाच लिहिला आणि मला नाव दिलं. सकाळच्या गोळीच्या कुठल्याही पानावर तिने ते नाव घातलं, की मी नऊ वाजवून हजर. "एकदा काढलं, सगळीकडे चाललं!" असं ती कौतुकाने म्हणायची. मी फुगून गेलो होतो.

ॲप आधी फ्रेंचमध्ये होतं. मग अरबी पानं आली. अरबी उजवीकडून लिहितात, म्हणून अख्खं पानच आरशातल्यासारखं उलटवलं. पुढच्या पानाकडे नेणारे बाण उलटले ते बरोबरच झालं, पण त्यांच्यासोबत मीही उलटलो. नऊचे तीन झाले. इब्तिहेलचं सगळं काम फ्रेंचमध्ये चालायचं, तिने तपासलं तेही फ्रेंच पानच.

खालती महबूबा ही अख्ख्या गल्लीची मावशी; तिकडच्या अरबीत मावशीला 'खालती' म्हणतात. तिला वाचता येत नव्हतं, घड्याळ मात्र येत होतं. माझ्याकडे बघून ती न्याहारीबरोबरची मधुमेहाची गोळी दुपारी तीनला, पोट रिकामं असताना घेऊ लागली. तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन दारातच पडली. मनगट मोडलं.

"आई, तुझं डोकं चालत नाही आता," मुलगा मोंजी म्हणाला. "घराला कुलूप लावतो. माझ्याकडे स्फॅक्सला चल."

"असेल बाबा. माझंच चुकलं असेल," ती पुटपुटली.

मी तिच्याच हातातल्या फोनवर होतो. लाजेने मेल्यासारखं झालं, पण मला तोंड कुठे होतं?

पडल्याचं ऐकून इब्तिहेल भेटायला आली. "खालती, गोळी कधी घेतेस, दाखव बरं."

"हे काय पोरी, तीनला!"

फोन बघून इब्तिहेल पांढरीफटक पडली. "मोंजी, तुझ्या आईचं डोकं शाबूत आहे. चूक माझी आहे."

तिथेच बसून तिने फाइलीत माझ्या नावापुढे एक ओळ लिहिली: हे चित्र उलटवायचं नाही. सगळ्या पानांवर मी एकदम सरळ झालो. मोंजीने मान खाली घालून माफी मागितली. "माफी राहू दे, आधी चहा टाक," खालती म्हणाली. घराला कुलूप लागलं नाही.

मित्रांनो, एकदा बनवून शंभर ठिकाणी लावायची वस्तू शंभर ठिकाणी जाऊन बघत चला. माझी एवढीच विनंती आहे.

आता मी बरोबर नऊ दाखवतो. तरी खालती महबूबा रोज गोळी हातात धरून शेजारणीला हाक मारते, "अगं, हे नऊच आहेत ना गं?"