पिन गार आहे

तिसऱ्यांदा तोच लॅपटॉप घेऊन शिक्षिकाबाई दुकानात आल्या आणि माझं डोकंच फिरलं.

"चार्जरची पिन अजून तापते. हे बघा, टोक वितळलंय."

"गादीवर ठेवून वापरत असाल!" मी फटकन म्हणाले. "चार्जिंगचा जॅक नवा घातलाय. बाबांनी स्वतः बोट लावून बघितलंय. बाबा गार म्हणाले म्हणजे गार!"

आमच्याकडे आधी बोट, मग मीटर. अर्धा तास चार्जिंगला लावायचं आणि पिन चिमटीत धरायची. आतला सोल्डरचा टाका कच्चा राहिला तर पिन तापते, आणि बोटाला ते लगेच कळतं. हे मला बाबांनीच शिकवलं. लोक दुकानाचं नाव विसरतात, पण "त्या बोटवाल्यांकडे जा" असंच सांगतात.

"लावून ठेवा मग. मी दोन तासांनी येते," म्हणून बाई तणतणत गेल्या.

अर्ध्या तासाने बाबा आतल्या टेबलावरून उठून आले. पिन चिमटीत धरली.

"गार आहे."

"बघा! उगाच डोक्याला ताप," असं म्हणत मी पिन काढायला गेले. आई गं! चटका बसला तशी हात झटकला. बाबांची चिमूट मात्र पिनेवर तशीच.

मी त्यांचा हात ओढला. बोटावर फोड. शेजारी जुने दोन, सुकलेले. इतके दिवस मला वाटायचं, सोल्डरिंगचे चटके असतील.

"कधीपासून?"

"साखर वाढली तेव्हापासून. आधी तळपाय बधिर झाले. मग बोटं."

"आणि मला सांगायचं नाही?" मी ओरडलेच.

"काय सांगू?" बाबा खुर्चीत बसले. "दुसरं येतं काय मला?"

फोडावर मलम लावताना रडू आलं. फुंकर घातली, पण ती तरी कुठे कळत होती त्यांना.

मग लॅपटॉप मीच खोलला. एक टाका कच्चा होता, तो पक्का केला. पुन्हा चार्जिंगला लावलं आणि अर्ध्या तासाने मी पिन धरून बघितली. गार होती. तेवढ्यात बाई आल्या.

"झालंय. आता नाही तापत," मी म्हणाले.

"तुम्ही नका सांगू. त्यांना बघू दे. एक काम बिघडलं म्हणून काय झालं? त्यांच्या बोटावर माझा भरवसा आहे."

बाबा उठले. फोड आलेलं बोट आत दुमडून, दुसऱ्या बोटाने पिन धरली. नजर मात्र पिनेवर नव्हती, माझ्यावर होती. मी हळूच मान हलवली.

"गार आहे," बाबा म्हणाले.

"आता कसं!" बाईंचा चेहरा खुलला. लॅपटॉप पिशवीत घालून त्या गेल्या.

बाबा तसेच उभे होते, रिकामी चिमूट धरून. मी त्यांची बोटं हातात घेतली. त्यांना ते कळलं का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.