दवाखान्याला नकार देणारी गाडी

औशाहून लातूरला जाताना रस्त्याकडेला एका महाराजांनी मांडव घातला होता. तिथं नव्या गाड्यांच्या किल्ल्या पूजेला ठेवत. त्या सकाळी मांडवासमोर पन्नासेक माणसं एका पांढऱ्या गाडीपुढे हात जोडून उभी होती. त्या गाडीला म्हणे दवाखान्यात जायचं नव्हतं.

गाडी आमच्या शेजारच्या अमरनाथची. लातूरच्या दवाखान्यात निघालो होतो, गाडी नवी म्हणून किल्लीच्या पूजेपुरता तो इथं थांबला होता. मागच्या सीटवर त्याची आई मल्लम्मा. पाय सुजलेले, दम लागलेला. मागचं डायलिसिस चुकलं होतं. आता चुकलं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी, निवृत्त ग्रंथपाल, पुढच्या सीटवर सोबतीला होतो. म्हणजे पिशवी धरायला.

महाराजांनी किल्ली जरीच्या बटव्यात घातली, नाडी आवळली आणि बटवा अमरनाथच्या हाती दिला.

"इचार गाडीला. दवाखान्यात येतीस का?"

अमरनाथनं डोळे मिटून बटण दाबलं. गाडी ढिम्म.

महाराजांनी किल्ली बटव्यातून काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "आता इचार. घरी येतीस?"

गाडी लगेच सुरू झाली. लोक पाया पडले.

"लोखंडाला कळलं, तुला न्हाई कळलं," महाराज म्हणाले. "तिथं रगत धुत्यात, त्याच्यासंगं आयुष्यबी धुऊन जातं. अमावस्येपर्यंत मायला हितं ठेव. माझं तीर्थ पाज."

इंजिनाला भविष्य कळतं, हे मानायला त्या पन्नास माणसांत कुणालाच अडचण नव्हती. मल्लम्माच्या पायांकडे मात्र एकही नजर जात नव्हती.

अमरनाथनं गाडी बंद केली. "काका, काय करावं? गाडीच नको म्हणायली."

मला समोर दिसेल ती अक्षरं वाचायची खोड आहे. गाडी अडली तेव्हा समोरच्या छोट्या पडद्यावर इंग्रजीत उमटलं होतं, किल्ली सापडत नाही. पण मला गाडी चालवतासुद्धा येत नाही. आपलं चुकलं तर? मी गप्पच बसलो असतो. पण मागून मल्लम्माच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती.

"उलटं करून बघू या का?" मी म्हणालो. कुणाला ऐकू गेलं नाही, पुन्हा म्हणालो. "दवाखान्याचं विचारलं तेव्हा किल्ली बटव्यात होती. घरचं विचारलं तेव्हा उघडी."

"खामोश. देवाची परीक्षा घ्यायलास व्हय, म्हाताऱ्या?" महाराज गरजले.

"देवाची कुठं, गाडीची घ्यायलेत," मल्लम्मा म्हणाली. "गाडी तुमची हाय का माझ्या लेकाची?"

अमरनाथनं किल्ली बटव्यात घातली. घरी येतेस? ढिम्म.

"महाराजांच्या मठात तरी?" मल्लम्मानं विचारलं. ढिम्म. गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं.

किल्ली बाहेर काढली. दवाखान्यात? गाडी सुरू.

महाराजांनी बटव्याकडे हात टाकला, पण तोवर अमरनाथनं बटवा मागं मल्लम्माकडे दिला होता. तिनं अस्तर उसवलं. आत चंदेरी फॉइल, घडीवर घडी.

"ते चांदीचं कवच हाय," महाराज म्हणाले.

"मग माझ्या लेकाच्या चपात्यांना रोजच कवच असतंय की."

अशा गाडीत किल्ली खुपसावी लागत नाही, जवळ असली की पुरे. किल्ली आणि गाडी रेडिओलहरींनी एकमेकींना ओळखतात. किल्ली चारी बाजूंनी फॉइलमध्ये झाकली की लहरी अडतात आणि गाडीला वाटतं, किल्ली इथं नाहीच. स्वयंपाकघरातली एक गुंडाळी, एवढीच त्या महापुरुषाची सिद्धी. तेवढ्यावर तो एका बाईचा जीव घ्यायला निघाला होता.

आम्ही तडक लातूर गाठलं. मल्लम्माला यंत्र लावलं, आणि दुपारपर्यंत तिचा श्वास शांत झाला.

मांडव आता बिलोलीकडे हलल्याचं ऐकतो. तिकडेही हात जोडणारे कमी नसतील. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. औषधोपचाराचं डॉक्टरला विचारा, गाडीला नव्हे. आणि चमत्कार दिसला तर पाया पडण्याआधी त्यातली एकच गोष्ट बदलून तो पुन्हा करायला सांगा. खऱ्या गोष्टीला त्याचा राग येत नाही.